दादाचा लॅपटॉप हँग व्हायचा तेव्हा

माझा मोठा भाऊ सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. आमच्या घरात सगळ्यांत तिखट जीभ त्याची. लग्नकार्यात दादा कुठल्या पंगतीत बसलाय ते हसण्याच्या आवाजावरून कळायचं. आजाराने आधी ती जीभच धरली. पहिल्यांदा शब्द जड यायला लागले, वर्गातल्या मुलांना वाटलं सर पान खाऊन आलेत. मग घास गिळताना ठसका लागायला लागला. सोलापुरात, पुण्यात दाखवून झालं आणि शेवटी माझ्याकडे बंगळूरला आणलं, कारण मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचे चांगले डॉक्टर इथे आहेत असं सगळ्यांनी सांगितलं.

डॉक्टर खरोखर चांगले होते. त्यांनी दादाला तपासलं, त्याच्या मांडीच्या स्नायूंत सुया टोचून यंत्रावर रेघा काढल्या, आणि मग मला बाजूला न घेता त्याच्यासमोरच सांगितलं की हा मोटर न्यूरॉनचा आजार आहे, यावर औषध नाही. "त्यांच्या बुद्धीला काही होणार नाही," असं ते इंग्रजीत म्हणाले. दादाने मान हलवली. त्याला ते आधीच कळलेलं असावं.

तो माझ्याकडेच राहिला. इथल्या डॉक्टरांची देखरेख होती, आणि वहिनीला नोकरी सोडून चालणार नव्हतं. ती शाळेत शिकवायची आणि मुलगी बारावीला होती. माझा नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर तारखा चुकवतील, या सॉफ्टवेअरवाल्यांच्या घबराटीचे ते दिवस. मीही एका कंपनीत प्रोग्रामर होते. मल्लेश्वरममध्ये वरच्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर, आणि खाली घरमालकीण अक्का. त्यांचे सासरे की आजेसासरे कधीतरी साताऱ्याकडून इथे आले आणि इथलेच झाले. अक्का घरात मराठी बोलायच्या, पण त्या मराठीत निम्मं कन्नड असायचं, आणि वाचायला-लिहायला तर फक्त कन्नडच यायचं. मी ऑफिसला निघाले की त्या वर येऊन दादाजवळ बसायच्या. "तुम्ही जावा वो निवांत. मी हाय की इथं," म्हणायच्या.

दादा आला तेव्हा पाटीवर लिहून बोलायचा. मग हातातली ताकद जायला लागली. पेन्सिल बोटांतून गळायची. डावा हात लुळा पडला, उजव्या हाताचं एकच बोट नीट चालायचं. अंगठा आणि बाकीची बोटं नुसती वळलेली असायची.

तेव्हा मी ऑफिसातून लॅपटॉप आणला.

आता लॅपटॉप म्हटलं की काही वाटत नाही, पण तेव्हा तो फक्त साहेब लोकांकडे असायचा. हा एका साहेबाने वापरून टाकलेला होता. करड्या रंगाचा, विटेसारखा जड, पडदा फिकट निळसर, बटणांच्या खाली माउसच्या जागी एक गोटी. बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर लावल्याशिवाय चालायचा नाही. स्टोअरमध्ये पडून होता. मी मॅनेजरला दादाबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, "घेऊन जा, परत आणू नकोस."

त्यावर मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दादाने टाइप केलेलं वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटायचं, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल इतकं मोठं. देवनागरी त्या मशीनला झेपत नव्हती, म्हणून तो मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायचा. पहिल्या दिवशी त्याने एका बोटाने, बराच वेळ घेऊन, लिहिलं, "भाजीत मीठ जास्त आहे. गेला महिनाभर."

मी इतकी हसले की अक्का वर धावत आल्या. दादाही हसला. आजारामुळे त्याला हसू आवरता यायचं नाही, सुरू झालं की मोठ्याने आणि लांबत जायचं, मधेच रडल्यासारखं वाटायचं. आम्ही दोघं भाऊबहीण डोळे पुसत बसलो होतो आणि अक्का दारात उभ्या राहून आलटून पालटून आमच्याकडे बघत होत्या.

ते दिवस थोडेच टिकले. काही आठवड्यांनी लॅपटॉप हँग व्हायला लागला.

दादा लिहीत असायचा आणि मधेच अक्षरं यायची थांबायची. कर्सर लुकलुकायचा तोही स्थिर व्हायचा. दादा दाबत राहायचा, आणि थोड्या वेळाने प्रत्येक दाबण्याला मशीन आतून बारीक ओरडायचं. मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबायची म्हणजे ते नव्याने सुरू होई. तीन बटणं एकदम. दादाकडे एक बोट होतं.

मी घरी असले तर दाबायचे. नसले तर? दिवसभर तो माझ्यासाठी लिहून ठेवायचा, म्हणून मी अक्कांना शिकवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्या तीन बटणांवर कुंकवाची बोटं टेकवून खुणा केल्या. अक्का दोन्ही हात पदराला पुसायच्या, वाकायच्या, जीभ बाहेर काढून तिन्ही बटणं दाबायच्या आणि पडदा काळा झाला की "सरी, ठीक हाय, गेलं," म्हणून मागे सरकायच्या. पण मशीन पुन्हा उठायला फार वेळ घ्यायचं. आतली डिस्क कुरकुरायची, ओळींमागून ओळी पडद्यावर सरकायच्या. तोवर दादाला काय म्हणायचं होतं त्याची वेळ निघून गेलेली असायची. भाजीत मीठ जास्त आहे हे जेवताना म्हटलं तर गंमत, ताटं उचलून झाल्यावर म्हटलं तर तक्रार. तो पुन्हा लिहायचा नाही. पडदा उजळला की मी विचारायचे, "काय म्हणत होतास?" तो बोटाने लिहायचा, "राहू दे."

मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा कळायचं नाही. मी कॉम्प्युटरवाली. माझ्या घरातला कॉम्प्युटर बंद पडतो म्हणजे काय?

पहिला संशय स्वतःवरच घेतला. माझ्या प्रोग्राममध्ये चूक असेल. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो ओळ न् ओळ तपासला, निम्मा नव्याने लिहिला. लॅपटॉप पुन्हा हँग झाला. मग माझा प्रोग्राम काढून नुसतंच मशीन चालू ठेवून बघितलं. तेही हँग झालं. ऑफिसातून व्हायरस शोधायची फ्लॉपी आणली आणि खरंच एक व्हायरस सापडला. मला इतका आनंद झाला की मी दादाला मिठीच मारली. "सापडला रे चोर!" दोन दिवस मशीन सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा चहा मागत असताना "ch"वरच अडकलं.

कुणीतरी म्हणालं, तापत असेल. पोळ्या निववायची जाळी घेऊन लॅपटॉप तिच्यावर ठेवला, म्हणजे खालून हवा लागेल. बाजूला टेबलफॅन लावला. दादाला वाऱ्याने खोकला यायचा, म्हणून त्याला शाल पांघरली. उन्हाळ्याच्या तोंडाशी शाल पांघरलेला माणूस आणि त्याच्यासमोर वारा खाणारं मशीन. तरी ते हँग झालंच.

शेवटी एस. पी. रोडवर नेलं. तिथे तेव्हाही कॉम्प्युटरच्या पार्टांची गल्लीभर दुकानं होती. एका दुकानदाराने मशीन उलटं करून खालची छोटी झाकणी उघडली, मेमरीची पट्टी काढली, पेन्सिलच्या खोडरबराने तिची पिवळी टोकं घासली आणि परत बसवली. मग हिंदीत म्हणाला, "मॅडम, ठेवून जा. चालवून बघतो."

मी चार दिवस ठेवलं. रोज फोन करायचे. रोज तो म्हणायचा, "मॅडम, सकाळपासून चालू आहे, एकदाही थांबला नाही." न्यायला गेले तेव्हा त्याने माझ्यासमोर गेम लावून दाखवला. मी तिथे उभी राहून पुष्कळ वेळ टाइप केलं, सुचेल ते, दादाचं नाव, आईचं नाव, पाढे. काही झालं नाही. घरी आणलं, वायर लावली, दादाने दोन शब्द लिहिले आणि ते मेलं.

मी पुन्हा दुकानात गेले तेव्हा दुकानदारालाही वाईट वाटलं. त्याने ते पुन्हा उघडलं, भिंग लावून बघितलं, सगळं बसवलं आणि हात पसरून म्हणाला, "मला नाही कळत, मॅडम. खरंच नाही कळत. या मॉडेलचे पार्टही इथे येत नाहीत." असं सरळ सांगणारा दुसरा माणूस मला त्या वर्षात भेटला. पहिले ते डॉक्टर.

दुकानात चालतं आणि घरी नाही, म्हणजे घरच्या विजेत खोट असणार. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतायला लावलं. अक्का रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर उरलेलं त्या खड्ड्यात घालायला लागल्या. मी स्टॅबिलायझर आणला. लाइट जायचे ते जायचेच, पण लाइट असतानाही मशीन अडायचं. कधी दिवसभर नाही, कधी एका तासात पुन्हा पुन्हा. त्याला काही नियम असता तर मी सांभाळून घेतलं असतं. पहाटे जाग आली की मी अंथरुणात पडून विचार करायचे, आता काय राहिलंय बघायचं? डिस्क? वायर? ऑफिसात बसून मी बँकांचे प्रोग्राम दुरुस्त करत होते, तारखांच्या चुका शोधून काढत होते, आणि डोक्यात सतत ते विटेएवढं मशीन.

दुकानात मशीन होतं त्या चार दिवसांत दादा कसा राहिला हे मी नीट बघितलंच नाही. मला वाटलं होतं तो गुदमरेल. संध्याकाळी घरी यायचे तर तो खिडकीशी खुर्चीत शांत बसलेला असायचा, आणि अक्का शेजारी शेंगा सोलत. एकदा मी जिना चढत असताना वरून अक्कांचं हसणं ऐकू आलं. वर गेल्यावर विचारलं, "काय झालं हसायला?" तर म्हणाल्या, "काय नाही वो, आमचं चालू असतंय." मी चप्पल काढून लगेच दुकानदाराला फोन लावायला गेले.

मग तो रविवार आला.

दर रविवारी सकाळी वहिनी आणि मुलगी सोलापूरहून फोन करायच्या. रिसीव्हर माझ्या कानाला, दादा लॅपटॉपसमोर. त्या बोलतील ते मी त्याला सांगायचे आणि तो लिहील तसतसं शब्द-शब्द वाचून त्यांना ऐकवायचे. त्या दिवशी मुलीने फोन घेतला. तिचा आवाज दबलेला होता.

"आत्या, बाबांना विचार ना. मी गणित घेऊन बी.एस्सी. करू की इंजिनिअरिंगला जाऊ? आई म्हणते इंजिनिअरिंगच कर, नोकरी मिळेल. बाबा सांगतील तेच करीन मी."

मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ विचार करत बसला. तिकडे मुलगी म्हणाली, "आत्या, आहेस ना?" मी म्हटलं, "लिहितोय गं, थांब." तो लिहायला लागला आणि मी वाचायला लागले.

"तुला गणित आवडतं म्हणून घेऊ नकोस. तुला"

आणि मशीन थांबलं.

"म्हणजे?" मुलगी म्हणाली. "नको घेऊ?"

"थांब गं, अजून लिहितोय." मी म्हटलं. पण तो लिहीत नव्हता. तो बटण दाबत होता आणि मशीन ओरडत होतं. मी रिसीव्हर खांद्यात धरून तिन्ही बटणं दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मागचं बटण बंद करून चालू केलं. डिस्क कुरकुरायला लागली.

"आत्या, बाबांना वाटत नाही का मला जमेल?"

"असं नाही गं. वाक्य अर्धं राहिलंय. मशीन बंद पडलंय."

"मग पुढे काय म्हणायचंय त्यांना?"

मला काय माहीत? मी दादाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि घशातून "आ... आ..." असा आवाज येत होता. तो आवाज फोनमध्ये गेला. तिकडून मुलीचा हुंदका ऐकू आला. मग काहीतरी खरखरलं आणि लाइन तुटली.

मी लगेच सोलापूरचा नंबर फिरवला. या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत असं एक बाई हिंदीत सांगायला लागली. पुन्हा फिरवला. तीच बाई. रविवारी सगळं शहर आपापल्या गावाला फोन करत असायचं.

लॅपटॉप सुरू झाला, माझा प्रोग्राम उघडला आणि दादाने बोट ठेवायच्या आत पुन्हा गारठला. तेव्हा मी वायर उपटली, मशीन टेबलावर उलटं केलं आणि स्क्रूड्रायव्हर आणला. ती झाकणी उघडून मेमरीची पट्टी काढली आणि दुकानदारासारखी रबराने घासायला लागले. पट्टी परत बसेना. मागून दादाचा आवाज येत होता. "थांब दादा, होतंय," मी म्हणत होते. "होतंय, होतंय." तो खुर्चीच्या हातावर बोट आपटत होता. टक. टक. मला वाटलं तो चिडलाय. मी वळलेसुद्धा नाही.

"अहो, त्यांच्याकडं बघा की!"

अक्का दारात उभ्या होत्या. आवाज ऐकून वर आल्या होत्या. त्या आत आल्या, दादाच्या समोर खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बोला अण्णा. क? च? ट? त? प?"

"क"वर दादा गप्प राहिला. "च"वर, "ट"वर गप्प. "त" म्हणताच बोट आपटलं. टक.

"त? थ? द? ध? न?"

"त"वरच टक.

"त. ता? ति? तु?" टक. "तु. पुढं. क? च? ट? त? प? य-र-ल-व?" टक. "य? र? ल?" टक. "ल. तुला?"

टक.

मी रबर हातात धरून बघत राहिले.

कन्नड मुळाक्षरांचा क्रमही आपलाच. क, ख, ग, घ; च, छ, ज, झ. अक्कांना देवनागरी वाचता येत नव्हती, पण अक्षरांचे वर्ग पाठ होते. आधी वर्ग विचारायचा, मग त्यातलं अक्षर. लॅपटॉप दुकानात असताना त्या दोघांनी हे जमवलं होतं. दादाने सुरुवात केली की अक्कांनी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचे.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

अक्का ओशाळल्या. "मी म्हटलं होतं सांगू या. अण्णाच नको म्हणाले. तुम्ही एवढं धडपडताय, ते मशीन घेऊन हिंडताय. म्हणाले, तिला करू दे."

त्या दिवशी मी दादासमोर जमिनीवर बसले आणि अक्का बाजूला. मी वर्ग म्हणायला लागले. सुरुवातीला घाई करायचे, त्याचं बोट उठायच्या आत पुढच्या अक्षरावर जायचे. अक्का म्हणायच्या, "स्वल्प हळू." जेवायची वेळ टळली. दादाचं बोट दमलं की आम्ही थांबायचो, मी त्याला चमच्याने पाणी पाजायचे, पुन्हा सुरू. वाक्य लहान करत करत त्याने ते असं केलं: "आवडतं म्हणून नको. अडलं तरी उठत नाहीस म्हणून घे."

संध्याकाळी एकदाची सोलापूरची लाइन लागली. मुलीने उचलला. मी वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "बाबांनी लिहिलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बोलला." रिसीव्हर दादाच्या कानाला लावला. ती त्याच्याशी पुष्कळ वेळ काहीतरी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. तो बोट आपटत होता. तिला ती टकटक ऐकू जात होती की नाही, देव जाणे.

त्यानंतर लॅपटॉप काही दिवस टेबलावर होता. मी तो सोडला असं म्हणणार नाही. ऑफिसातल्या हार्डवेअरच्या एका मुलाला दाखवलाच. त्याने सगळा सुटा करून, आतल्या मुख्य पाटीवर कुठेतरी केसाएवढी चीर असावी, असा अंदाज सांगितला. असावी म्हणाला, आहे म्हणाला नाही. एका संध्याकाळी मी तो परत आणून जाळीवर ठेवत होते, तर दादाने बोट आपटलं. मी वर्ग म्हणत गेले, तो अक्षरं देत गेला. वाक्य होतं, "हे अडलं की तू याच्याकडे बघतेस."

मी म्हटलं, "मग काय करू? तुझ्याकडे बघून काय करू मी, सांग ना!"

मी रडायला लागले आणि तो माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही मग ते न आवरणारं हसू की रडू सुरू झालं. ते थांबेपर्यंत मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. त्यावर दुसरं काही करता येत नव्हतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि वहिनी मुलीला घेऊन आली. दोघींनी वर्ग म्हणायची रीत एका दिवसात उचलली. वहिनी माझ्याहून हळू म्हणायची आणि तिला शब्द आधीच ओळखता यायचा. मुलगी मात्र ओळखला तरी सांगायची नाही, पूर्ण होऊ द्यायची. दादाने तिघींना सांगितलं की त्याला सोलापूरला जायचंय. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इथे असून आम्ही वेगळं काय करणार आहोत? सोलापूरच्या गाडीत त्याला चौघांनी उचलून बसवलं. स्टेशनवर अक्का आल्या होत्या, डब्यात चपात्या आणि शेंगांची चटणी घेऊन. दादाला चपाती गिळता येत नव्हती हे त्यांना माहीत होतं. "बाकीच्यांना लागंल की," म्हणाल्या. गाडी सुटेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या, आणि दादाशी काहीतरी कन्नडात बोलत होत्या. तो त्यांच्याकडे बघत होता.

लॅपटॉप मी एस. पी. रोडच्या त्या दुकानदाराला देऊन टाकला. पार्ट म्हणून काही उपयोगी पडलं तर बघ म्हटलं. त्याने भावाची चौकशी केली.

पावसाळ्यात दादाचं बोटही गेलं. मग तो डोळ्यांनी सांगायचा. हवं ते अक्षर आलं की पापणी मिटायची. रविवारी मी फोन करायचे. वहिनी त्याच्या खाटेशी बसून माझं बोलणं त्याला सांगायची आणि मग वर्ग म्हणायला लागायची. रिसीव्हर ती उशीवर ठेवायची. मी इकडे मल्लेश्वरमच्या घरात कानाला फोन लावून बसायचे. "क... च... ट..." असा तिचा आवाज यायचा, मग ती थांबायची. त्या थांबण्यात दादाने पापणी मिटली असेल असं मी समजायचे. मग पुन्हा, "ट... ठ... ड..." मला अक्षरं जुळवता यायची नाहीत. बाहेर रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या. मी रिसीव्हर घट्ट दाबून धरायचे. वाक्य पूर्ण झालं की वहिनी मला सांगायची. "नवऱ्याला लवकर बोलाव, म्हणतायत." "अक्कांना नमस्कार म्हणतायत."

मुलीने बी.एस्सी.ला नाव घातलं. रोज कॉलेजातून आली की ती वहीतलं गणित त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, असं वहिनी सांगायची. चुकलं असेल तर तो डोळे मिटायचा.

थंडीत एका रविवारी मी फोन केला. वहिनीने उचलला. तिने रिसीव्हर उशीवर ठेवला आणि वर्ग म्हणायला लागली. क. च. ट. त. प. मग पुन्हा पहिल्यापासून. क. च. ट. मी ऐकत होते. ती आणखी एकदा म्हणाली. मग तिने फोन उचलला आणि म्हणाली, "झोपलेत वाटतं. ताई, आज नको. दमलेत."

मी म्हटलं, "झोपू देत."

त्यानंतर तो फार दिवस नव्हता. निरोप आला तेव्हा मी ऑफिसात होते. रात्रीच्या गाडीने निघाले. घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनी माझ्याजवळ येऊन बसली आणि शेवटच्या दिवसांत तो काय काय म्हणाला ते सांगत राहिली. दूध गरम होतं, खिडकी उघड, मुलीला स्वेटर दे. मी तिला एक एक वाक्य पुन्हा विचारत होते आणि ती न कंटाळता पुन्हा सांगत होती.